आध्यात्मिक लढाई: आमच्या शुक्रवारच्या प्रार्थनेत सारखे विचारले जाणारे प्रश्न

जय ख्रिस्त सगळ्यांना. कोपरखैरणेला आमच्या घरी दर शुक्रवारी संध्याकाळी पंधरा-वीस जण प्रार्थनेला जमतात, कोणी घणसोलीहून येतं, कोणी कळव्याहून, आणि शेवटी चहा आला की प्रश्न सुरू होतात आणि खरं सांगू का, तेच ते प्रश्न असतात. मग म्हटलं एकदा लिहूनच काढू. मी पाळक नाही, वाशीच्या मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर बिलं करते, सतरा वर्षं झाली, त्यामुळे उदाहरणं पण तिथलीच येणार, सांभाळून घ्या. जिथे वचन दिलंय तिथे बायबल उघडून स्वतः बघा, ताई म्हणाली म्हणून नको.

आध्यात्मिक लढाई म्हणजे भूत काढणं का?

नाही हो. ते पण त्यात येतं, पण शंभरातली नव्व्याण्णव वेळा लढाई दिसतच नाही. तुम्ही ठाण्याहून पनवेल गाडी पकडलीय, कोणी काही बोललेलं नाही, खिडकी पण मिळालीय, आणि डोक्यात सुरू होतं, तुझ्याने काही होणार नाही, देव तुझ्यावर नाराज आहे, बघ तिच्या मुलाला अॅडमिशन मिळाली आणि तू एवढे उपास करून काय मिळवलंस. तुर्भे येईपर्यंत मनातल्या मनात अख्खी केस चालून निकाल पण लागलेला असतो. २ करिंथ १० मध्ये, म्हणजे करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दहाव्या अध्यायात, प्रेषित पौल तटबंदी म्हणतो ती हीच, कारण लगेच पुढे तो सांगतो की पाडायचं काय, तर तर्कवितर्क आणि देवाच्या ज्ञानाविरुद्ध डोकं वर काढणारी प्रत्येक गोष्ट, आणि विचारांना पकडून ख्रिस्ताच्या ताब्यात द्यायचं.

अजून एक. जुने पाळक तीन शत्रू सांगायचे, जग, देह आणि सैतान, आणि इफिस २:२-३ मध्ये तिघे एकाच दमात येतात. आपण मात्र सगळं एकट्या सैतानाच्या खात्यावर टाकतो. अलार्म ऐकू आला नाही, गाडी चुकली, लेट मार्क पडला, त्यात सैतान कुठून आला, रात्री दीडपर्यंत रील्स कोण बघत होतं?

येशूने वधस्तंभावर सैतानाला हरवलं म्हणता, मग अजून लढाई कसली?

हा सगळ्यात चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर समजलं तर बाकीचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत असं मला वाटतं.

कलस्सै २:१४ आणि १५ एकत्र वाचा. १५ सगळ्यांना पाठ असतं, ख्रिस्ताने सत्तांना आणि अधिकाऱ्यांना निःशस्त्र केलं, त्यांची उघड फजिती केली. पण त्याच्या आधीचं वचन आपण उडी मारून जातो. १४ मध्ये काय आहे, तर आपल्याविरुद्ध असलेला ऋणाचा लेख त्याने खोडला आणि वधस्तंभाला खिळला. मूळ ग्रीकमध्ये तिथे जो शब्द आहे त्याचा अर्थ स्वतःच्या हाताने लिहून दिलेली कर्जाची चिठ्ठी. म्हणजे सत्तांचं शस्त्र काढून घेतलं ते कसं, तर ती चिठ्ठी रद्द करून. त्यांच्या हातात आपल्याविरुद्ध दुसरं काही नव्हतंच. ही दोन वचनं एकमेकांना धरून आहेत हे मला बरीच वर्षं कळलं नव्हतं आणि कळलं ते गाळ्यावर.

झालं असं की एक जुनी पार्टी चार वर्षांपूर्वीचं बिल घेऊन आली, म्हणाले पैसे आलेच नाहीत. माणूस उंचापुरा, आवाज असा की शेजारच्या गाळ्यावरचे हमाल पण पोती खाली ठेवून बघायला लागले. मला पक्कं माहीत होतं पेमेंट झालंय, तरी माझे पाय लटपटत होते, आणि खोटं कशाला बोलू, दोन मिनिटं मला पण वाटलं की माझीच काहीतरी चूक असेल. मग वरच्या फडताळातून फाइल काढली, मिरचीची धूळ बसलेली, एक सणसणीत शिंक आली, आणि त्यातली पावती काढून टेबलावर ठेवली. त्यांचाच शिक्का, त्यांचीच सही. तो माणूस बघत राहिला, मग चष्मा काढून परत बघितलं, आणि चहा न घेताच गेला. मी त्याच्याशी वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. आणि ते पैसे माझ्या खिशातून गेलेले नव्हते, शेठनी भरले होते, मी फक्त पावती काढून दाखवली.

सैतान या हिब्रू शब्दाचा अर्थच विरोधक, समोर उभा राहून आरोप करणारा, आणि ग्रीकमधला दियाबोलोस म्हणजे चुगलखोर, निंदा करणारा. प्रकटीकरण १२:१० त्याला रात्रंदिवस दोष देणारा म्हणतं, आणि १२:१२ सांगतं की आपला काळ थोडा उरलाय हे त्याला कळलंय म्हणून तो चवताळलाय. हरलेला आहे पण बिल घेऊन फिरायचं थांबलेला नाही.

जखऱ्या ३ पण वाचा, फार सुंदर आहे. मुख्य याजक यहोशवा उभा, उजव्या बाजूला सैतान आरोप करायला उभा, आणि यहोशवाचे कपडे खरोखरच मळलेले आहेत, म्हणजे आरोप खोटा पण नाही. यहोशवा तोंडातून एक शब्द काढत नाही. परमेश्वरच सैतानाला दटावतो आणि परमेश्वरच कपडे बदलायला लावतो.

मग आपण काहीच करायचं नाही का? हातावर हात धरून बसायचं?

बसायचं नाही, उभं राहायचं. इफिस ६:११ ते १४ या चार वचनांत टिकून राहा, उभे राहा हेच फिरून फिरून येतं, पुढे चालून जा, गड सर करा असं कुठे नाही. गड आधीच घेतलाय. आणि उभं राहणं हे काम नाही असं ज्याला वाटतं त्याने संध्याकाळी सातची लोकल एकदा पकडावी. तुम्ही कुठे जात नसता, गाडी नेते, तुमचं काम एवढंच की हँडल सोडायचं नाही आणि कोणी ढकललं तरी दारातून बाहेर जायचं नाही. उतरल्यावर विचारा खांदे दुखतात का.

याकोब ४:७ मध्ये पण क्रम बघा. आधी देवाच्या अधीन व्हा, मग सैतानाला अडवा. आपण पहिला अर्धा भाग गाळतो आणि दुसरा मोठ्याने ओरडतो. योहान १५:५ मध्ये प्रभूने तर स्पष्टच सांगितलंय, माझ्यापासून वेगळे झालात तर तुम्हाला काही करता येत नाही. काही म्हणजे काहीच.

देवाची शस्त्रसामग्री रोज सकाळी घालायची असते का? आमच्याकडे एक ताई हातवारे करून एकेक शस्त्र घालायला लावतात.

संडे स्कूलच्या पोरांना शिकवायला चांगलंय, मी पण करते, पुठ्ठ्याची ढाल बनवायला पोरांना फार मजा येते. मोठ्यांनी पण करायचं तर करा, काही पाप नाही. फक्त तो मंत्र होऊ देऊ नका, की आज घाईत शिरस्त्राण राहिलं म्हणून अपघात झाला. असं खरंच एकाने मला विचारलंय.

ही शस्त्रसामग्री इफिस ६ मध्ये आहे, आणि पौलाने ते पत्र लिहिलं तेव्हा तो कैदेत होता, ६:२० मध्ये स्वतःच्या बेड्यांचा उल्लेख करतो, त्यामुळे रोमी शिपाई डोळ्यासमोर असणारच. पण त्याच्या डोक्यात यशया पण होता. यशया ५९:१७ काढा. तिथे नीतिमत्त्वाचं उरस्त्राण आणि तारणाचं शिरस्त्राण परमेश्वर स्वतः घालतो, कारण मध्ये पडायला कोणी माणूस नाही असं त्याला दिसलं. ११:५ मध्ये कमरबंद, तो येणाऱ्या राजाचा. म्हणजे ही देवाची म्हणून देवाने दिलेली नवीन कोरी शस्त्रं नाहीत, ही त्याच्या अंगावरची आहेत. रोम १३:१४ तर सरळ म्हणतं प्रभू येशू ख्रिस्तालाच परिधान करा. माझं नीतिमत्त्व उरस्त्राण म्हणून बांधलं असतं तर मंगळवारपर्यंत पण टिकलं नसतं.

आणि सत्याचा कमरबंद म्हणजे फार गूढ काही नाही. परवा एकाने म्हटलं ताई बिलावर वजन थोडं कमी दाखवा, तेव्हा तो कमरबंद लागतो.

माझ्या घरात एक व्यक्ती आहे, तिच्यातूनच सैतान काम करतो. तिच्याविरुद्ध कशी प्रार्थना करू?

नाव सांगू नका, मला कळलं, सासू आहे किंवा जाऊ आहे. ऑफिसवाल्यांचा बॉस असतो.

इफिस ६:१२, आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही. ज्याला रक्त आहे मांस आहे ते माणूस तुमचं शत्रू नाही, विषय संपला. तिच्याविरुद्ध नाही, तिच्यासाठी प्रार्थना करा, नाव घेऊन, आणि जमलं तर तिच्यासाठी एक कप चहा पण करा, रोम १२:२० आहेच.

हे मी शहाणपणा म्हणून नाही सांगत. तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीत पार्किंगवरून माझं एका शेजाऱ्यांशी वाजलं, त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर माझ्याबद्दल काहीतरी लिहिलं आणि मी रात्री साडेअकराला एवढा लांब मेसेज टाकला की ह्यांनी दुसऱ्या खोलीतून येऊन विचारलं, फोन तापलाय का तू. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मी प्रार्थनेत त्या शेजाऱ्यांमधल्या आत्म्याला धमकावत होते, सगळे आमेन म्हणत होते. आणि आमच्या यांनी नंतर भांडी विसळताना सहज विचारलं, इफिस ४:२६-२७ काय आहे ग? राग घेऊन झोपू नका, सैतानाला वाव देऊ नका. वाव मी दिला होता, रात्री साडेअकराला, टाइप करून. माफी मागायला जायला मला नऊ दिवस लागले. शेजाऱ्यांनी दार उघडलं, ऐकून घेतलं, ठीक आहे म्हणाले आणि दार लावलं. आम्ही आज पण फार बोलत नाही. पण माझी झोप परत आली.

कोणीतरी करणी केलीय, दारात लिंबू सापडलं. काय करू?

उचला आणि कचऱ्यात टाका. हात धुवा. १ योहान ४:४, जो तुमच्यात आहे तो जगात जो आहे त्याच्यापेक्षा मोठा आहे.

आता थोडं सविस्तर, कारण घाबरलेल्या माणसाला एवढ्यावर बरं वाटत नाही मला माहितीये. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं लहानपण गावाकडचं, नजर, करणी, भानामती हे ऐकत मोठे झालो, माझी आजी चर्चला पण जायची आणि मीठ-मिरच्या पण ओवाळायची. इफिसमधले विश्वासी पण असेच होते. प्रेषित १९:१९ मध्ये त्यांनी जादूटोण्याची पुस्तकं आणून सगळ्यांसमोर जाळली, किंमत काढली तर ५०,००० चांदीची नाणी. म्हणजे विश्वास ठेवल्यावर सुद्धा ती पुस्तकं घरात होती बघा, असू दे एखादं, वेळेला लागेल. त्याच गावाला पौल नंतर सांगतो की ख्रिस्त सर्व सत्तांच्या वर बसलाय आणि तुम्ही त्याच्याबरोबर बसलाय (इफिस १:२१, २:६). त्यामुळे घरात ताईत, काळा दोरा, मंतरलेलं काही ठेवलं असेल तर काढा. आणि त्याच्या जागी क्रॉसला किंवा तेलाच्या बाटलीला ताईत बनवू नका, ते पण तेच झालं.

सोसायटीतल्या सत्यनारायणाचा प्रसाद, गणपतीची वर्गणी?

दरवर्षी भाद्रपदात हा प्रश्न येतो. १ करिंथ ८ आणि १० पूर्ण वाचा, तिथे दोन्ही बाजू आहेत. मूर्ती काही नाही, खाल्ल्याने आपण वाईट होत नाही, हे पण आहे, आणि प्रभूच्या मेजाचे आणि दुसऱ्या मेजाचे दोन्हीकडचे भागीदार होऊ नका हे पण आहे, शिवाय एखाद्या दुबळ्या विश्वासणाऱ्याला ठेच लागत असेल तर सोडून द्या. मी स्वतः पूजेला बसत नाही आणि प्रसाद हात जोडून नाकारते, म्हणते काकू तुमच्या हातचा चहा पाजा. काकूंना राग आलेला नाही आजपर्यंत. मंडळाच्या रक्तदान शिबिराला मी दरवर्षी जाते. बाकी तुमच्या विवेकाला विचारा, पण शेजाऱ्याच्या देवाची टिंगल करायची नाही, ती कुठल्याच वचनात नाही.

डिप्रेशन, पॅनिक अटॅक हे दुष्टात्मे असतात का? गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी का?

याला मी जरा वेळ घेणार.

एलीया, जुन्या करारातला संदेष्टा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवला आणि लगेच १ राजे १९ मध्ये पळत सुटला, झुडपाखाली बसला आणि म्हणाला देवा आता पुरे, माझा जीव घे. देवाने काय केलं? कुठल्या आत्म्याला धमकावलं नाही. दूत पाठवला, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. खा. तो खाऊन झोपला. परत उठवलं, परत खायला घातलं, वाट लांब आहे म्हणून. बोलणं नंतर. माणूस आधी झोपला आणि जेवला, मग देव त्याच्याशी बोलला आणि तेही मंद आवाजात.

मधुमेहाला आपण गोळी घेतो, चष्मा लावतो, तेव्हा विश्वास आड येत नाही. मेंदू पण अवयवच आहे. लूक वैद्य होता, कलस्सै ४:१४ मध्ये पौल त्याला प्रिय वैद्य म्हणतो, आणि तीमथ्याला पोटाच्या दुखण्यावर पौलाने उपाय सुचवलाय, १ तीमथ्य ५:२३. पौलाच्या हातून लोक बरे झाले होते तरी.

आमच्याच एका मावशींना बाहेरून आलेल्या एका प्रचारकाने सांगितलं बीपीची गोळी बंद करा, विश्वास दाखवा. चौथ्या दिवशी बाथरूममध्ये चक्कर येऊन पडल्या, कपाळाला पाच टाके. शुद्धीवर आल्यावर त्यांना वाटत होतं की माझाच विश्वास कमी पडला. मला त्या टाक्यांपेक्षा या वाक्याचा जास्त राग आला. आरोप करणाऱ्याचं काम कोणी केलं इथे?

तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीही गोळी बंद करायची नाही. झोप उडालीय, दोन आठवडे मन लागत नाही, मरणाचे विचार येतात, तर प्रार्थना करू आणि डॉक्टरकडे पण जाऊ, हवं तर मी सोबत येते. टेलि-मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे २०२२ पासून, नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. आणि प्लीज, याला ठाण्याला पाठवा हा जोक आता बंद करा. ठाण्याच्या मनोरुग्णालयात माझ्या ओळखीच्या दोघांवर उपचार झालेत आणि दोघे आज कामावर जातात.

पण खरंच कोणाच्या अंगात आलं, वेगळ्याच आवाजात ओरडायला लागलं तर?

असं होत नाही असं मी म्हणणार नाही, शुभवर्तमानांत आहे. पण मी माझ्या आयुष्यात जे बघितलं त्यातलं बरंचसं आजारपण होतं, फिट होती, किंवा घरात कोणी ऐकून न घेतलेलं दुःख होतं. म्हणून आधी डॉक्टर. मग पाळक आणि दोन-तीन परिपक्व माणसं, शांतपणे, घरच्यांसमोर, दार उघडं ठेवून. व्हिडिओ काढायचा नाही. कॅथलिक कुटुंबांनी फादरना सांगावं, त्यांच्याकडे तर बिशपांच्या खास परवानगीशिवाय विधिपूर्वक भूत काढताच येत नाही, आणि मला वाटतं हा नियम शहाणपणाचा आहे.

मारायचं नाही, बांधायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही. मिरचीची धुरी तर अजिबात नाही. मला मार्केटमध्ये पोतं फुटलं की काय होतं ते माहीत आहे, नाकाडोळ्यांतून धारा, दहा मिनिटं धड श्वास घेता येत नाही, आणि लोक ते आजारी पोरीच्या तोंडासमोर धरतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धुरीचा नाव घेऊन उल्लेख आहे, शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. येशूने एकालाही हात उगारून मोकळं केलेलं नाही, शब्दाने केलं.

आणि हौस म्हणून यात पडू नका. स्केवाचे सात मुलगे, प्रेषित १९. येशूचं नाव त्यांनी मंत्रासारखं वापरलं, पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूची शपथ घालतो म्हणे. येशूला ओळखतो, पौल माहीत आहे, तुम्ही कोण, असं विचारून भूत लागलेल्या त्या माणसाने सातही जणांना असं बडवलं की उघडे पळाले. सत्तर शिष्य आनंदाने परत आले तेव्हा पण प्रभू म्हणाला, भुतं वश होतात याचा आनंद नको, तुमची नावं स्वर्गात लिहिलीत याचा करा (लूक १०:२०).

सैतानाला मोठ्याने बांधायचं, हाकलायचं असं करावं का?

देव बहिरा नाही आणि खालच्या मजल्यावर दहावीची पोरं अभ्यास करतायत. यहूदाच्या पत्रात ९ वं वचन, मीखाएल आद्यदेवदूत असून सैतानाला फक्त एवढं म्हणाला, प्रभू तुला धमकावो. मी तेवढ्यावरच थांबते. ज्या प्रार्थनेत सैतानाचं नाव येशूच्या नावापेक्षा जास्त वेळा येतं ती मला खटकते.

उपास केल्याने ताकद वाढते का?

उपास म्हणजे देवाकडे धरलेलं धरणं नाही. आपल्याला भूक लागते, आपण किती परावलंबी आहोत ते कळतं, प्रार्थनेला वेळ मिळतो, एवढं पुष्कळ झालं. शुगरवाले, गरोदर बायका, बारा तासांची शिफ्ट करणारे, तुम्ही मोबाइलचा उपास करा. जास्त कठीण आहे तो.

तेच पाप परत परत होतं. आता प्रार्थना करायची पण लाज वाटते.

हा प्रश्न कोणी सगळ्यांसमोर विचारत नाही, स्टेशनला सोडायला गेलं की विचारतात, किंवा रात्री मेसेज येतो. बहुतेक वेळा मोबाइल असतो, कधी दारू, कधी लॉटरीसारखे ते ऑनलाइन गेम.

तीन गोष्टी सांगते. पाप करण्याआधी सैतान म्हणतो, काही होत नाही, आणि केल्यावर तोच म्हणतो, आता तुझं काही खरं नाही. दोन्ही वेळा बोलणारा एकच आहे हे ओळखा. पवित्र आत्मा पण दोष दाखवतो, पण तो नेमकं सांगतो, हे इथे चुकलं, परत ये. दुसरा नुसता म्हणतो तू बेकार आहेस. ज्या आवाजाने तुम्ही देवापासून लांब पळता तो देवाचा नाही.

दुसरं, लूक २२:३१-३२, प्रभू येशू आपल्या शिष्याला, पेत्राला म्हणतो. सैतानाने तुम्हाला गव्हासारखं चाळायला मागितलंय, पण तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी विनंती केली आहे. मार्केटला या, चाळणी दाखवते, दाणा किती आपटतो बघा. पेत्र पडला, तीनदा येशूला ओळखत नाही म्हणाला, कोंबडा आरवायच्या आत. तरी विश्वास संपला नाही, कारण पेत्राच्या पकडीवर काही अवलंबून नव्हतं, कोणीतरी आधीच त्याच्यासाठी विनंती करून ठेवली होती. तू वळलास म्हणजे, असं प्रभू म्हणाला, वळलास तर असं नाही.

तिसरं, १ करिंथ १०:१३ मध्ये निभावण्याचा उपाय देव देतो असं आहे, तो उपाय कधी कधी अगदी साधा असतो. फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला लावा. गेमच्या अॅपला जोडलेलं बँक खातं बायकोला बघू द्या. पगाराच्या दिवशी मित्रांबरोबर न थांबता थेट घरी येणारी गाडी पकडा. आणि एका माणसाला सांगा, याकोब ५:१६, पुरुषांनी पुरुषाला, बायकांनी बाईला. अंधारात ठेवलेलं पाप बुरशीसारखं वाढतं, हळदीच्या ओल्या पोत्यासारखं, वरून कळत पण नाही.

एवढी प्रार्थना करून पण त्रास गेला नाही. म्हणजे मी लढाई हरलो का?

पौलाच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला सलणारा त्रास, तो पण गेला नाही. २ करिंथ १२, तो त्याला सैतानाचा दूत म्हणतो, तीनदा विनंती केली, आणि उत्तर आलं माझी कृपा तुला पुरे. सैतानाचा दूत तिथेच राहिला आणि पौल तरी हरला नाही, हे मला कधी कधी सकाळी चारला पण पचत नाही, पण लिहिलेलं आहे.

ठाण्याचंच सांगते. आपण तलावपाळीला फिरायला जातो, त्या गावात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले, तोलेंतिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्री. चीनला निघाले होते, वाटेत ठाण्याला आले, इथल्या सिरियन परंपरेच्या एका ख्रिस्ती घरात उतरले. तेव्हा इथे ख्रिस्ती घरं होती, पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी, हे आपल्या पोरांना कोणी सांगतच नाही. नंतर ओदोरिक नावाचा दुसरा साधू आला, त्याने त्यांची हाडं चीनपर्यंत नेली. पोचले ते शेवटी, असे. आता हे हरले म्हणायचे का? प्रकटीकरण १२:११ म्हणतं विश्वासणाऱ्यांनी सैतानाला कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, रक्तामुळे जिंकलं, आणि मरावं लागलं तरी जिवावर प्रीती केली नाही. त्या वचनात जिंकणारे मेलेले आहेत.

म्हणून प्रमोशन, व्हिसा, सिडकोचं घर याला विजय म्हणायला मी जरा कचरते. मिळालं तर उपकारस्तुती करू, पेढे पण खाऊ.

मी एकटाच आहे इथे, रूमवर राहतो. एकट्याने जमेल का?

कठीण आहे. इफिस ६ मधल्या आज्ञा मूळ भाषेत अनेकवचनी आहेत, तुम्ही सगळे मिळून उभे राहा. तिथल्या ढालीचा ग्रीक शब्द दार या शब्दावरून आलाय, दारासारखी उंच, आणि रोमी शिपाई त्या एकमेकांना भिडवून वर छप्पर करायचे, त्याला कासव म्हणायचे. एका ढालीचं छप्पर होत नाही. लढाई चालू असताना वर धरून धरून मोशेचे हात पण दुखले होते, निर्गम १७, अहरोन आणि हूर दोन बाजूंनी धरून उभे राहिले सूर्य मावळेपर्यंत.

शुक्रवारी ये. साडेसातला. जेवण करूनच जायचं.

रात्रपाळीला दोन-अडीचला एकदम भीती दाटून येते. तेव्हा नक्की काय म्हणू?

लांब प्रार्थना सुचणार नाही, सुचायला पण नको. स्तोत्र ५६:३ छोटं आहे, मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन, ते कागदावर लिहून आयकार्डच्या मागे घाला. प्रभू येशू एवढं नाव घेतलं तरी चालतं. मग उठून पाणी प्या, लाइटमध्ये जा, कोणाशी तरी दोन शब्द बोला, सिक्युरिटीवाल्या काकांशी पण चालेल.

मला मेसेज टाका, मी साडेचारला उठते तेव्हा बघते आणि तुमचं नाव घेऊन प्रार्थना करते. अगदीच सहन होत नसेल तर मेसेज नको, सरळ फोन करा. हे उचलतील बहुतेक, त्यांची झोप माझ्यापेक्षा हलकी आहे.